आपले भोक आपणच बुजवणारी टाकी

सिंदी मेघेहून वर्ध्याकडे निघाले की रस्त्याच्या कडेला पंक्चरचे एक दुकान लागते. पाण्याचे घमेले, कानस, हवेचा पंप आणि चाकांचा ढीग, एवढाच पसारा. मागच्या उन्हाळ्यात माझ्या गाडीचे पंक्चर काढताना तिथल्या दादांनी ट्यूबवर सोल्युशन फासले आणि ते नुसते बसून राहिले. मी घाई केली तर म्हणाले, "वाळू द्या भाऊ, ओल्यात लावलं त निंघून येते." शेजारी हात धुवायला ठेवलेल्या पेट्रोलच्या डब्यात रबराचा एक तुकडा कधीचा पडलेला होता. त्यांनी तो काढून दाखवला. मूळ आकाराच्या जवळजवळ दुप्पट फुगलेला, बोटाने दाबला तर लिबलिबीत.

सोल्युशन म्हणजे पेट्रोलच्या जातीच्या द्रावणात विरघळवलेले कच्चे रबर. रबर पेट्रोल पिते, फुगते, चिकट होते आणि शेवटी विरघळते. गाडीच्या इंधनाच्या नळीत हा मोठाच दोष. पण या दोषानेच दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिकांना जळण्यापासून वाचवले. त्याच्याशी आपल्या पुण्याच्या लोहगाव विमानतळाचाही संबंध आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. बंदुकीच्या गोळीशी वर्धा जिल्ह्याचा जुना परिचय, पुलगावचा दारूगोळा डेपो आपल्याच हद्दीत आहे. गोळी थोपवण्याची ही कथा म्हणूनच इथल्या वाचकापुढे ठेवावीशी वाटते.

पहिल्या महायुद्धातले लढाऊ विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून डोप नावाचे रोगण फासलेले कापड आणि पातळ पत्र्याची पेट्रोलची टाकी. सॉपविथ कॅमल या गाजलेल्या ब्रिटिश विमानात मुख्य टाकी वैमानिकाच्या पाठीमागेच होती. शत्रू मागून येणार, मागून गोळी झाडणार, आणि गोळी व माणूस यांच्यामध्ये काय, तर पेट्रोल. त्यातच १९१६ नंतर फॉस्फरस भरलेल्या, जळत जाणाऱ्या गोळ्या आल्या. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूटही दिले जात नव्हते. एडवर्ड मॅनॉक हा त्यांचा अव्वल लढवय्या सोबत रिव्हॉल्व्हर बाळगत असे. विमान पेटलेच तर जळून मरण्यापेक्षा स्वतःला गोळी घालून घ्यायची, असे तो सांगे. २६ जुलै १९१८ रोजी जमिनीवरून झालेल्या गोळीबारात त्याचे विमान पेटले आणि तो गेला.

या आगीत आपलीही माणसे उतरली होती. ऑक्सफर्डला शिकलेले हरदित सिंग मलिक कॅमल उडवत. ऑक्टोबर १९१७ मधल्या एका चकमकीत त्यांच्या पायात गोळ्या शिरल्या, तरीही त्यांनी विमान आपल्या बाजूला आणून पाडले. विमानाला चारशेहून अधिक भोके पडलेली होती. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर केंब्रिजला शिकले. २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ते सॉपविथ डॉल्फिन उडवत होते. जून १९१८ च्या अखेरीस ते शत्रूच्या हद्दीत पडले आणि जखमांनी वारले. फ्रान्समध्ये त्यांची कबर आहे. मराठी वैमानिकांचा इतिहास लिहायचा तर पहिले पान या नावाने सुरू व्हायला हवे. पण आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव मला कधी दिसले नाही.

अमेरिकेने त्या युद्धात ब्रिटिश डी एच ४ हे विमान मोठ्या संख्येने बांधले. त्यात वैमानिक पुढे, निरीक्षक मागे आणि दोघांच्या मधोमध पेट्रोलची टाकी होती. सैनिकांनी त्याला 'जळती शवपेटी' असे नाव ठेवले. टाकीभोवती रबर गुंडाळायची कल्पना या काळातली. जॉर्ज मर्डॉक नावाच्या अमेरिकनाने १९१७ मध्येच तसा पेटंटचा अर्ज केला होता. युद्ध संपले आणि कल्पना मागे पडली. रबर जड असते आणि शांततेच्या काळात विमानाचे वजन वाढवायला कोणी तयार होत नाही.

वीस वर्षांनी किंमत मोजावी लागली. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात हरिकेन आणि स्पिटफायर लढत होती. हरिकेनच्या पंखांत दोन टाक्या होत्या आणि तिसरी, २८ गॅलनची, वैमानिकाच्या अगदी पुढ्यात, उपकरणांच्या फळीमागे. तिला गोळी लागली की पेट्रोल पेटून ज्वाळेचा झोत थेट तोंडावर आणि हातांवर येई. काही क्षणांत कातडी गळून पडे. ईस्ट ग्रिन्स्टेडच्या इस्पितळात आर्चिबाल्ड मॅकिंडो या शल्यवैद्याने या पोरांचे चेहरे, पापण्या आणि बोटे पुन्हा घडवली. त्यांच्या रुग्णांनी १९४१ मध्ये 'गिनीपिग क्लब' काढला आणि युद्ध संपेपर्यंत त्याचे ६४९ सभासद झाले. लढाऊ विमानदलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी हरिकेनच्या त्या पुढच्या टाकीला तातडीने लिनाटेक्सचे आवरण चढवायला लावले.

लिनाटेक्स म्हणजे काय, हे इथे जरा थांबून पाहू. मलायात, क्वालालंपूरजवळच्या बटू केव्ह्ज इथे, बर्नार्ड विल्किन्सन याने १९२० च्या दशकात रबराच्या ताज्या चिकापासून एक मऊ, अतिशय लवचीक रबर बनवले होते. गोळी त्यातून आरपार गेली तर मागे भोक जवळजवळ दिसत नाही, रबर पुन्हा जुळून येते. हा झाला अर्धा उपाय. उरलेला अर्धा पंक्चरवाल्या दादांच्या डब्यात आहे.

पूर्ण वाढलेली टाकी म्हणजे रबराची जाड पिशवीच. सर्वांत आत पेट्रोलला दाद न देणाऱ्या कृत्रिम रबराचे पातळ अस्तर. त्याच्या बाहेर कच्च्या, न भाजलेल्या नैसर्गिक रबराचा थर. त्याच्याही बाहेर, टायरमध्ये असते तसे दोऱ्यांचे कापड बसवलेले चिवट, भाजलेले रबर. रोजच्या वापरात अस्तरामुळे पेट्रोल कच्च्या रबरापर्यंत पोचतच नाही. गोळीने अस्तर फाडले की त्या भोकातून पेट्रोल कच्च्या रबराला शिवते. रबर पेट्रोल पिऊन फुगते आणि काही सेकंदांत भोक आतून बुजते. बाहेरचा चिवट थर त्याला आधार देतो, म्हणून ते फुगताना बाहेर न पसरता आत दाटते. जे पेट्रोल सांडून माणूस जाळणार, तेच भोकाला ठिगळ लावते.

मधल्या अडचणी बारीक होत्या आणि त्या सोडवायला वर्षे गेली. पहिल्या टाक्या पत्र्याच्या आणि रबर त्यांच्यावरून गुंडाळलेले. गोळी बाहेर पडताना पत्रा फुलाच्या पाकळ्यांसारखा उलटा फाटे आणि त्या धारदार पाकळ्या रबराची जखम उघडीच ठेवत. शिवाय भरलेल्या टाकीत गोळी शिरली की द्रवात दाबाची लाट उठते. पाण्याने काठोकाठ भरलेल्या माठाला दगड लागला की भोक न पडता माठच फुटतो, तसा प्रकार. पत्र्याची ताठ टाकी शिवणीवर उसवे. मग पत्रा काढून टाकून मऊ पिशवीच पंखाच्या पोकळीत बसवायची ही युक्ती निघाली. पिशवी दाबाला वाकते, फुटत नाही. या कामात गुडइयरचे रसायनशास्त्रज्ञ जेम्स मेरिल यांच्यासारखी माणसे होती आणि कारखाने सगळे टायरवाल्यांचे: गुडइयर, फायरस्टोन, युनायटेड स्टेट्स रबर. मुंबईच्या गिरणगावातल्या जुन्या लोकांना शिवडीच्या हे बंदर रोडवरचा फायरस्टोनचा कारखाना आठवत असेल. टायर आणि विमानाची टाकी ही एकाच कारागिरीची दोन रूपे आहेत.

आता जपानकडे वळू, कारण माझ्या मते या इतिहासाचा गाभा तिथेच आहे.

जपानी नौदलाला १९३७ मध्ये असे लढाऊ विमान हवे होते, जे जहाजावरून उडेल, समुद्रावर दूरवर जाईल आणि कुणापेक्षाही चपळ वळेल. इंजीन मिळत होते साधारण साडेनऊशे अश्वशक्तीचे. जिरो होरिकोशी या अभियंत्याने ग्रॅम-ग्रॅम वजन वाचवून झीरो विमान घडवले. रिकामे वजन १,७०० किलोच्याही आत, पल्ला ३,००० किलोमीटरांच्या वर. वाचवलेल्या वजनात वैमानिकाच्या पाठीमागचे चिलखत होते आणि टाक्यांवरचे रबरही होते. होरिकोशी बेफिकीर नव्हता. त्याच्यापुढे जी मागणी ठेवली होती, ती त्या इंजिनावर दुसऱ्या कुठल्या मार्गाने पुरी होत नव्हती. दोष मागणी करणाऱ्यांचा. त्याच नौदलाच्या जी ४ एम या दोन इंजिनी बॉम्बफेकी विमानाच्या पंखांत हजारो लिटर पेट्रोल उघडेच होते. अमेरिकन सैनिक त्याला लायटर म्हणत. १८ एप्रिल १९४३ रोजी बोगनव्हिल बेटावर ॲडमिरल यामामोतो यांचे विमान पेटून जंगलात कोसळले, ते याच जातीचे.

आणि काळ पाहा. जपानने जानेवारी १९४२ मध्ये क्वालालंपूर घेतले, फेब्रुवारीत सिंगापूर. लिनाटेक्स जिथे जन्मले ते बटू केव्ह्ज त्यांच्या हाती आले. जगातल्या नैसर्गिक रबराच्या सुमारे ९० टक्के पुरवठ्यावर त्यांचा ताबा बसला. रबराचे एवढे कोठार हाती असूनही त्यांच्या पोरांच्या टाक्या उघड्याच राहिल्या. दोस्तांकडे रबराचा दुष्काळ पडला. सिलोन आणि आपल्या त्रावणकोर-कोचीनच्या मळ्यांवर भार आला, अमेरिकेने कृत्रिम रबराचे कारखाने उभे केले, तरीही टाक्यांसाठी लागणारे नैसर्गिक रबर त्यांनी राखून ठेवले. कुणाच्या जिवाची किती किंमत धरायची, याचा हा निर्णय होता. रबर हाताशी असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नव्हता.

१९४२ च्या जुलैत वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणी 'भारत छोडो'चा ठराव करत होती. त्याच आठवड्यात अलास्काजवळच्या अकुतान बेटावर अमेरिकनांना दलदलीत उलटे पडलेले एक झीरो जवळजवळ धड अवस्थेत सापडले. आतला तरुण वैमानिक तादायोशी कोगा महिनाभरापूर्वी मान मोडून मेला होता. त्याचे विमान पडले ते इंजिनाच्या तेलाची परतीची नळी एका गोळीने तोडल्यामुळे. अमेरिकनांनी ते विमान दुरुस्त करून उडवले आणि त्याची सगळी मर्मस्थाने पारखून घेतली.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपले वैमानिक याच शत्रूसमोर होते. भारतीय हवाई दलाचे ६ क्रमांकाचे स्क्वाड्रन डिसेंबर १९४२ मध्ये उभे राहिले आणि पुढच्या वर्षअखेरीस हरिकेन घेऊन अराकानमध्ये उतरले. प्रमुख होते मेहर सिंग, ज्यांना हवाई दल 'बाबा' म्हणून ओळखते. काम टेहळणीचे. विमाने जोडीने जात, एक खाली बघत जंगलावरून झाडांच्या शेंड्यांलगत उडे, दुसरे वर राहून त्याची पाठ राखी. इतक्या खालून उडताना साध्या रायफलीची गोळीही पोचते. तोवर हरिकेनच्या टाक्यांना रबर चढलेले होते. या स्क्वाड्रनला चौदाव्या सैन्याचे डोळे म्हणत आणि मेहर सिंगांना डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला. हवाई दलातल्या दुसऱ्या कुणा भारतीयाला तो मिळाला नाही.

याच आघाडीवर उडालेले मुंबईचे हृषीकेश मुळगावकर पुढे काश्मीरच्या युद्धात श्रीनगरची धुरा वाहत होते. तिथे त्यांना महावीर चक्र मिळाले आणि १९७६ ते १९७८ ते हवाई दलाचे प्रमुख होते. काश्मीरमध्ये वाहतुकीचा भार डकोटांवर होता. डकोटा जन्माने मालवाहू, तिच्या टाक्यांना रबराचे आवरण नव्हते. अराकानमध्ये रबराच्या भिंतीआड उडालेले मेहर सिंग पूंछच्या धावपट्टीवर, शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात, उघड्या टाक्यांच्या डकोटा उतरवत होते. हे धाडस किती मोठे होते, ते टाकीची रचना समजल्याशिवाय पुरते कळत नाही. डकोटासारखीच उघड्या टाक्यांची कमांडो नावाची मालवाहू विमाने मार्च १९४५ मध्ये अमेरिकनांनी ऱ्हाइन नदीपार छत्रीधारी सैनिक उतरवायला नेली, तेव्हा ७२ पैकी १९ गमावली आणि त्यातली बहुतेक आकाशात पेटली.

आता लोहगाव. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी अमेरिकेकडून घेतलेली लिबरेटर जातीची चार इंजिनी बॉम्बफेकी विमाने कानपूरला टाकून दिली. करारानुसार ती कुणाला देता येत नव्हती, म्हणून ती मुद्दाम निकामी केली, उपकरणे फोडली, इंजिनांत वाळू ओतली. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताला बॉम्बफेकी विमाने हवी होती आणि ब्रिटिश व अमेरिकन तज्ज्ञांच्या मते ही मोडीत काढण्याच्याच लायकीची होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कामगारांनी त्यातून चाळीसेक विमाने उभी केली. अर्धवट दुरुस्त केलेली विमाने कानपूरहून बंगळूरला नेणारे वैमानिक होते जमशेद कैकोबाद मुन्शी. एकाही विमानाचा भरवसा नसताना त्यांनी ती एकेक करून पोचवली.

लिबरेटरच्या लांब अरुंद पंखात मुख्य इंधनाच्या बारा रबरी पिशव्या होत्या, एकेका इंजिनासाठी तीन. स्वतःचे भोक स्वतः बुजवणाऱ्या, वर वर्णन केलेल्या जातीच्या. ही विमाने आधी ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाली. मग जानेवारी १९५१ मध्ये पुण्यात ६ क्रमांकाचे स्क्वाड्रन पुन्हा उभे राहिले. अराकानमधले हेच ते स्क्वाड्रन. फाळणीनंतर बंद झालेले हे नाव लोहगावला लिबरेटर घेऊन परतले आणि अरबी समुद्रावर गस्त घालू लागले.

रबराची पिशवी म्हातारी होते. ऊन, उष्मा आणि पेट्रोल यांनी अस्तराला भेगा पडतात, सांधे झिरपतात आणि कच्चा थर गोळी न लागताच फुगायला लागतो. लिबरेटरमध्ये पेट्रोलचा वास हा जगभरच्या कर्मचाऱ्यांच्या परिचयाचा होता. वाफ साचू नये म्हणून कित्येक जण बॉम्बकक्षाचे दरवाजे किंचित उघडे ठेवून उडत. पुण्याच्या उन्हाळ्यात, निर्मात्याने बनवणे केव्हाच थांबवलेल्या विमानाच्या पंखात हात घालून या पिशव्या सांभाळणारे मेकॅनिक कोण होते, त्यांची नावे गौरवाच्या यादीत नाहीत. पण त्यांनी ही विमाने १९६८ च्या अखेरपर्यंत उडती ठेवली. तोवर जगात दुसऱ्या कुठल्याच हवाई दलात लिबरेटर उरले नव्हते.

जेट विमाने आली आणि प्रश्नाचे रूप बदलले. गळती थांबली तरी टाकीतली रिकामी जागा उरतेच. पेट्रोलपेक्षा त्याच्या वाफेत मिसळलेली हवा जास्त घातक. अर्धी रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, हे कितीतरी लोकांना खरे वाटत नाही. रशियनांनी दुसऱ्या महायुद्धातच इंजिनाचा थंड केलेला धूर टाकीत सोडून तिथला प्राणवायू हटवला होता. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकनांनी टाक्यांत जाळीदार फोम भरला. भांडी घासायच्या स्पंजासारखा हा फोम जागा फारशी खात नाही, पण ठिणगीची ज्वाळा पुढे सरकू देत नाही. नंतर हवेतून नायट्रोजन वेगळा करून टाकीत भरणारी यंत्रे आली.

ही शेवटची युक्ती आता आपल्या सगळ्यांच्या उपयोगाची आहे. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले बोइंग ७४७ आकाशात फुटले आणि २३० माणसे गेली. मधल्या, जवळजवळ रिकाम्या टाकीतली वाफ पेटली होती. २००८ मध्ये अमेरिकेने प्रवासी विमानांच्या अशा टाक्यांत ज्वलनाचा धोका कमी करण्याचा नियम केला. पॅरिसजवळ २००० साली कोसळलेल्या कॉन्कॉर्डच्या टाक्यांनाही नंतर केव्हलर आणि रबराचे अस्तर लावले गेले. युद्धात माणसे जाळून शिकलेला धडा इतक्या उशिरा का होईना, नागपूरहून मुंबईला जाणाऱ्या प्रवाशापर्यंत पोचला.

६ क्रमांकाचे स्क्वाड्रन आज जॅग्वार विमाने घेऊन जामनगरला आहे. लोहगावहून निवृत्त झालेली काही लिबरेटर परदेशी संग्रहालयांनी मागून नेली, लंडनमध्ये एक आहे, अमेरिकेत आहेत. एक दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात उभे आहे. दिल्लीला गेलात तर त्याच्या पंखाखाली थोडा वेळ थांबा. वर, त्या पत्र्याआड, रबराच्या बारा पिशव्यांची जागा आहे. पुण्याच्या मेकॅनिकांनी वर्षानुवर्षे राखली ती हीच.